ताईंनी परत केलेल्या चाव्या

मी घरं दाखवण्याच्या धंद्यात पडले, तेव्हा माझे वडील सातपूरच्या कारखान्यातून रिटायर होऊन घरीच बसलेले होते. त्यांना हे सांगायला मी रविवारची सकाळ निवडली, कारण रविवारी मटण असतं आणि त्यांचा मूड बरा असतो.

"म्हणजे दलाली करणार तू?" ते म्हणाले.

"एजंट म्हणतात पप्पा आता."

"इंग्रजीत म्हटलं की दलाल सुधारतो का?"

आई आतून म्हणाली, "तिला करू द्या. लहानपणापासून लोकांच्या घरात डोकावायची सवय आहेच."

माझी मुलगी तेव्हा नुकतीच पाचवीत गेली होती. नवऱ्याची अंबडला शिफ्ट असायची. मला कमवायचं होतं आणि दिवसाचे तास आपल्या हातात हवे होते. फ्लॅट दाखवायचे, भाडेकरू आणि मालक यांची गाठ घालून द्यायची, यात अवघड काय असणार असं मला वाटलं.

पहिली नोकरी लागली ती एका चकचकीत ऑफिसात. काचेचे दरवाजे, कॉफीचं मशीन, सगळं होतं. रोज सकाळी आम्हाला गोल उभं करत आणि मॅनेजर ओरडायचे, "आज कोण जिंकणार?" आम्ही टाळ्या वाजवत ओरडायचो, "आपण!" त्यानंतर दिवसभर ज्याचा तो. एकदा मी देवळालीच्या एका रिटायर फौजींना आडगावकडचं रो-हाउस दाखवायला घेऊन गेले. वॉचमन आत सोडेना, कारण मालकाने त्याला काही सांगितलेलंच नव्हतं. उन्हात उभं राहून मी मॅनेजरना फोन लावत राहिले. फोन काही उचलला नाही. शेवटी त्यांचा मेसेज आला. उगवत्या सूर्याचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, "अडचण हीच संधी." फौजींनी माझ्या खांद्यावरून तो वाचला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, संधी गेटच्या आत आहे आणि आपण बाहेर."

त्या महिन्याच्या शेवटी मी ती नोकरी सोडली.

मग आमच्या कॉलनीतल्या एकीने मला ताईंकडे पाठवलं. ताईंचं ऑफिस म्हणजे पाथर्डी फाट्याजवळचा एक गाळा. शेजारी मेडिकल, पलीकडे झेरॉक्स. ताई पन्नाशीच्या, सुती साडी आणि पायात धावायचे बूट. त्या दिंडोरीकडच्या. घरची द्राक्षबाग त्यांचे यजमान बघायचे. मुलांच्या शिक्षणासाठी त्या शहरात आल्या, ओळखीपाळखीच्यांचे रिकामे फ्लॅट भाड्याने लावून देता देता त्यांचा हा धंदाच झाला. बोलायच्या आमच्यासारख्याच, पण रागावल्या किंवा खूश झाल्या की गावाकडची भाषा वर यायची.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, "गाडी येते का चालवता?"

"हो."

"पार्टीला मागं बसवून न्यायचं नाही. माझी एक पार्टी पडली होती खड्ड्यात. आता तर सिंहस्थाच्या कामासाठी सगळं नाशिक खोदलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि एक. साइटवरनं तू फोन केला आणि मी उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोलायचं. मनात ठेवायचं नाय."

मला वाटलं, असं सगळेच म्हणतात.

ऑफिसात माझ्याखेरीज मुख्य माणूस म्हणजे काका. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. फ्लॅट दाखवायचेसुद्धा तसेच. "चला, पुढे सरका, पुढे बेडरूम मोकळी आहे!" लोक खरंच पुढे सरकायचे. बाकी दोन-तीन पोरं-पोरी येऊन-जाऊन असायची.

मी लागून महिनाही झाला नव्हता आणि ताईंच्या शब्दाची परीक्षा झाली. बँकेतले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि आई यांना मी इंदिरानगरला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवायला नेत होते. लिफ्टमध्ये शिरताना मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "या बिल्डिंगला पॉवर बॅकअप आहे." चौथा मजला ओलांडला आणि वीज गेली. लिफ्ट अधांतरी. बॅकअप काही आला नाही.

मी ताईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोणाला दम लागतोय का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"नाही, पण आजी आहेत बरोबर."

"आजीकडं दे फोन."

मी दिला. ताई काय बोलल्या माहीत नाही, पण आजी हसल्या आणि त्यांनी लिफ्टमध्येच खाली बसकण मारली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर बुटांचा आवाज आला. दाराच्या फटीतून ताईंचा अर्धा चेहरा दिसला. लिफ्टवाल्याला त्यांनी येता येताच बोलावलं होतं. तो येईपर्यंत त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि फटीतून आजींशी गप्पा मारू लागल्या. आजी पिंपळगावच्या निघाल्या. मग कुणाची बाग, अवकाळीने कुणाचे घड गेले, कुणाच्या सुनेने द्राक्षं भरायला पॅकहाउस काढलं, सगळं निघालं. लिफ्टवाल्याने दार उघडलं तेव्हा आजी त्याला म्हणाल्या, "थांब रे जरा. हिचं बोलणं पुरं होऊ दे."

तो फ्लॅट त्यांनी घेतला नाही. लिफ्टचा भरवसा नाही, आजी म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. पण पुढच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट आमच्याकडूनच घेतला.

त्या दिवशी खाली आल्यावर मला वाटलं, आता ताई ओरडणार. आधी लिफ्ट का नाही तपासलीस वगैरे. त्या म्हणाल्या, "घाबरली होतीस?"

"हो."

"मी पण. लय घाबरले. चल, चहा घेऊ."

त्या दिवसापासून मी कुठल्याही साइटवर निर्धास्त जायला लागले. आपल्यामागे कुणीतरी आहे हे एकदा कळलं की आवाजच बदलतो. मी पार्टीशी मोकळेपणाने बोलू लागले, माहीत नसेल ते "विचारून सांगते" म्हणायला लागले. पूर्वी मी ठोकून द्यायचे.

मग ते जोडपं आलं. ती शाळेत शिक्षिका, तो अंबडच्या एका कंपनीत. दोघांचं वय तिशीच्या आत. तिला सातवा महिना लागलेला. सासूबाईंसह एका खोलीत राहत होते, बाळ यायच्या आधी त्यांना दोन खोल्यांचं घर हवं होतं आणि फार जिने नकोत एवढीच अट. बोलता बोलता कळलं की तेही आमच्यासारखेच बौद्ध, आणि तिचं माहेर माझ्या मावशीच्या गल्लीतलं. आम्ही दोघी लगेच कुणाचं लग्न कुठे झालं यावर घसरलो. नवरा बिचारा हेल्मेट हातात घेऊन उभा.

मी त्यांना एक पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून बदामाचं झाड होतं. तिने हॉल पाहिला नाही की बाथरूम पाहिलं नाही. सरळ बेडरूमच्या एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "पाळणा इथे."

मालक त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. रिटायर साहेब, बोलायला अतिशय गोड. त्यांचे दोन फ्लॅट आमच्याकडे होते आणि दोन्हींच्या चाव्या ऑफिसातच असायच्या. त्यांनी आम्हाला वर बोलावलं, चहा दिला, शिक्षकांबद्दल चार चांगले शब्द बोलले. तिला पाठीला उशी दिली. आणि मग नवऱ्याला विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

त्याने सांगितलं.

"अच्छा," साहेब म्हणाले. कप खाली ठेवला. "अरे हो, एक सांगायचं राहिलंच. आमचा मुलगा पुण्याहून परत यायचं म्हणतोय. बहुतेक त्यालाच लागेल फ्लॅट."

ती दोघं उठली. चहा तिने पूर्ण प्यायला होता, तेवढं मला आठवतं. ती दोघं जिना उतरत असताना साहेबांनी मला दारात थांबवलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून लोकांना पटकन काही कळत नाही.

ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं. तुम्हाला माहितीच आहे."

"नाही माहीत," मी म्हटलं. "सांगा ना."

"नाही म्हणजे... सोसायटीतले लोक... राहणीमान वगैरे."

"दोघंही कमावतात की."

"तसं नाही हो," म्हणता म्हणता त्यांना एकदम कुणाला तरी फोन करायचा असल्याचं आठवलं.

खाली पार्किंगमध्ये ती माझी वाट बघत होती. म्हणाली, "ताई, याच्या आधीच्या मालकांचा मुलगापण पुण्याहूनच येणार होता. सगळे इकडे आले तर पुण्यात राहणार कोण?"

आम्ही तिघंही हसलो. चांगले खळखळून हसलो. मग तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण लावलं, आणि बराच वेळ ते घट्ट करत राहिली.

मी ऑफिसात परत आले ती तणतणतच. ताई आणि काका होते. मी घडलं ते सगळं सांगितलं. ताईंनी नीट ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी असं कर. आडनाव आधी बोलायचंच नाही. घर पसंत पडू दे, टोकन होऊ दे, मग बघू. एकदा शब्द दिला की लोक मागं सरत नाहीत."

त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझ्या तोंडातून गेलं, "ताई, मी पण त्यांच्यातलीच आहे."

"मला माहीत आहे की."

"माहीत आहे, आणि तुम्ही मलाच सांगताय की त्यांना आडनाव लपवायला सांग?"

काकांनी चहाचा कप तसाच उचलला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. ताईंचा चेहरा मला वाचता येईना. थोड्या वेळाने त्यांनी पर्स घेतली आणि घरी निघून गेल्या. दिवस अजून उतरलाही नव्हता.

घरी मी नवऱ्याला म्हटलं, "गेली बहुतेक ही पण नोकरी."

तो म्हणाला, "गेली तर गेली. पण साइटवरून केलेला फोन नाही उचलला तर सगळ्यांसमोर बोल, असं त्या तुला म्हणाल्या होत्या ना? तू बोललीस. त्या फोनबद्दल म्हणाल्या होत्या, तू जरा मोठ्या गोष्टीबद्दल बोललीस, एवढंच."

सकाळी ऑफिस उघडायला गेले तर शटर आधीच वर होतं. काका दाराशी, ताई आत, टेबलावर त्या साहेबांच्या दोन्ही फ्लॅटच्या चाव्या काढून ठेवलेल्या. मला बघून म्हणाल्या, "मी रात्रभर इचार केला असं नाय म्हणणार, झोप लागली मला. पण सकाळी उठल्या उठल्या तेच आठवलं. तू म्हणालीस ते खरं आहे. मी तुला चूक सांगितलं."

मी म्हटलं, "बसा ना ताई." त्यांच्याच ऑफिसात.

"बसत नाही. ह्या चाव्या परत द्यायला चालले."

"मी येऊ?"

"तू कशाला? हे माझं काम आहे. काका, चला."

जे पुढे घडलं ते मला काकांकडून कळलं. दुपारी परत आल्यावर त्यांनी ते उभं राहून, हातवारे करून सांगितलं. साहेबांनी आधी चहाच विचारला. ताई नको म्हणाल्या आणि चाव्या टीपॉयवर ठेवल्या. साहेब म्हणाले, "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी?" ताई म्हणाल्या, "एवढीशी असती तर तुम्हीच सोडली असती." साहेब म्हणाले, दोन फ्लॅट आहेत, तुमचंच नुकसान. ताई म्हणाल्या, "माझ्या पोरींना दारात उभं करून कुणी पाहुण्यांचं आडनाव विचारून परत पाठवावं, ते नुकसान मला परवडत नाय." आणि उठल्या.

"मी पण उठलो," काका म्हणाले. "आणि बाहेर पडताना, काय करणार, सवय, तोंडातून निघालंच. चला, स्टॉप आला!"

ताई डोक्याला हात लावून हसत होत्या. मी पण हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते पुसत बसले.

त्या संध्याकाळी ताईंनी आम्हा सगळ्यांना बसवलं. भेळ मागवली आणि म्हणाल्या, "मला सांगा, तुम्हाला माझ्याकडनं काय पाहिजे? मी तुमच्या मागं उभी राहते म्हणते, पण नीट कुठं उभं राहायचं ते तुम्हीच सांगा."

एकाने एसी मागितला. ताई म्हणाल्या, "पंखा पुसून देते." एका मुलीने सांगितलं, दिवसभर फिरताना बायकांना बाथरूमची पंचाईत होते. मग ताईंनी आपल्या ओळखीच्या ज्या रिकाम्या फ्लॅटमध्ये पाणी चालू होतं, त्यांच्या मालकांना विचारून आम्हाला तशी सोय लावून दिली. ही गोष्ट आतापर्यंत कुठल्याच ऑफिसात कुणी काढली नव्हती. काका म्हणाले, "मला काही नको. फक्त मला व्हॉट्सॅपवर लोकेशन पाठवू नका, पत्ता तोंडी सांगा."

मग माझी पाळी आली. मी सकाळपासून मनात जुळवत होते. म्हटलं, "ताई, तुम्ही कुणाशी भांडावं असं मला नाही वाटत. पण तो प्रश्न आमच्यासमोर, पार्टीसमोर यायला नको. चावी घेतानाच मालकाला तुम्ही विचारा की घर कुणाला देणार, कुणाला नाही. ज्याची तसली अट असेल त्याची चावी घेऊच नका. मग आम्ही कुणालाही डोळे मिटून घेऊन जाऊ शकतो."

ताई भेळ खायची थांबल्या. "एवढंच?"

"एवढंच."

"मग हे मला आधी का नाही सुचलं?" आणि लगेच फोन हातात घेतला. आमच्यासमोरच त्यांनी पहिल्या मालकाला फोन लावला, गोविंदनगरच्या एका शांत, सज्जन डॉक्टरांना. पण विषय कसा काढायचा हे त्यांना कळेना, त्यामुळे आवाजच चढला. "डॉक्टर, तुमचा फ्लॅट आम्ही जातपात बघून देणार नाय, चालत असेल तर ठेवा, नायतर चावी घेऊन जा!" पलीकडून डॉक्टर घाबरून म्हणाले, "अहो ताई, मी कुठे काय म्हणालो?" आम्ही भेळेचे कागद तोंडावर धरून हसत होतो.

पुढे त्या शिकल्या. अगदी गोड आवाजात विचारायच्या. काही मालक गेले, त्याचा काही दिवस त्रास झालाच. ऑफिसातल्या एका मुलाने कुरकुर केली, ताईंनी त्याला स्वतःकडची एक मोठी पार्टी दिली आणि विषय संपवला. काही मालक मात्र उलट मोकळे झाले, म्हणाले, बरं झालं विचारलंत, आम्हाला कुणीही चालतं, फक्त ड्रिल मशीन रविवारी नको.

आणि त्या जोडप्याला घर मिळालं ते पंचवटीत. मालक भाजीच्या व्यापारातले. त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचीच अट सांगितली. "पहाटे माझा टेम्पो सुरू होतो. आवाज होतो. त्यावरून भांडायचं नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा." शिक्षिका म्हणाली, "बाळ झाल्यावर पहाटे आम्ही जागेच असणार." झालं.

सामान हलवायच्या दिवशी ताई, काका आणि मी, तिघंही गेलो. कामाचा भाग नव्हता, पण गेलो. गल्ली इतकी अरुंद की सामानाची गाडी तोंडालाच अडकली. सगळं हातांनी न्यावं लागलं. शेवटी राहिलं सासूबाईंचं लोखंडी कपाट. ते जिन्यात वळेना. पुढे, मागे, आडवं, उभं, सगळं करून झालं. तेवढ्यात मालक बाहेर आले, त्यांनी टेम्पोतला दोरखंड आणला आणि बाजारातले चार हमाल हाक मारून बोलावले. कपाट बाल्कनीतून वर ओढायचं ठरलं. ताई रस्त्यात मधोमध उभ्या राहून, पदर खोचून सूचना देत होत्या. "सावकाश! डावीकडं! अरे तुझं डावं नाय, माझं डावं!" समोरच्या देवळातले पुजारी पायरीवर येऊन बघत उभे राहिले, रिक्षावाले थांबले, आणि कपाट बाल्कनीच्या कठड्यावर टेकलं तेव्हा अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

नव्या घरात आधी बुद्धवंदना झाली. सासूबाईंनी मेणबत्ती लावली. काका, ताई हात जोडून मागे उभे राहिले, मालकीणबाईही वर आल्या होत्या. मग पंगत बसली. पुरी, बटाट्याची भाजी, खीर. ताटं कमी पडली म्हणून मालकीणबाईंनी खालून आणली. जेवता जेवता त्यांनी ताईंना विचारलं, "मागच्या गल्लीत माझ्या भावाची खोली रिकामी आहे. लावून द्याल का?"

ताईंनी पुरीचा घास तोंडात घातला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात सुरुवात केली, "आधी मला एक सांगा हं..."